नौरूचे पुढारी हॅमर डीरोबर्ट

पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, नौरू नावाचे लहानसे बेट आहे. त्याचा विस्तार अवघा २१ चौरस किलोमीटर. सकाळी निघालेला मनुष्य पायी त्यास फेरी घालून दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचतो. ह्या बेटावरील एका शिक्षकाने आपल्या लोकांस त्यांची भूमी कशी परत मिळवून दिली, ते आम्ही आज वाचकांस सांगू इच्छितो.

हॅमर डीरोबर्ट ह्यांचा जन्म इ. स. १९२२ मध्ये झाला. त्याच्या आधीपासूनच, म्हणजे १९०७ पासून, परके लोक ती भूमी खणून नेत होते; कारण तिच्यात फॉस्फेटचा मोठा साठा होता. आपण शेतात जे सुपर फॉस्फेट घालतो, ते अशाच खडकापासून तयार होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या तीन सरकारांनी खाण आपल्या हाती घेतली. खत स्वस्त दराने त्यांच्या शेतांस जाई. जमिनीच्या धन्याच्या पदरी अल्प रक्कम पडे, आणि मागे उघडे खडक व खड्डे उरत. तेथे ना पीक येई, ना घर बांधता येई.

तरुण हॅमर ऑस्ट्रेलियात जिलाँग येथे शिकून आले व शिक्षक झाले. परंतु १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात जपानी सैन्याने बेट घेतले, आणि पुढे सुमारे १,२०० नौरूवासीयांस दूर ट्रुक बेटांवर मजुरीस नेले. हॅमरही त्यांत होते. उपासमार व रोगराई ह्यांनी शेकडो लोक तेथेच मरण पावले. ३१ जानेवारी १९४६ रोजी ७३७ जण मायदेशी उतरले.

परत आल्यावर हॅमर ह्यांनी पुन्हा शिक्षणाचे काम हाती घेतले. १९५५ मध्ये ते लोकांच्या कौन्सिलात निवडून आले व पुढील वर्षी मुख्य सरदार झाले. खताचा जगातील भाव काय आणि धन्यास मिळते काय, हा हिशेब ते त्या सरकारांपुढे नेटाने मांडू लागले. तेव्हा सरकारांनी असे सुचविले की, खाण संपल्यावर बेट राहण्याजोगे उरणार नाही, तरी सर्वांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेटावर जाऊन वसावे. ते बेट नौरूहून पुष्कळ मोठे होते. परंतु तेथे वेगळे राष्ट्र म्हणून नांदण्याची मुभा नव्हती. नौरूच्या मंडळ्यांस १९१८ पासून संपूर्ण पवित्र शास्त्र स्वभाषेत लाभले होते, आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट त्यांस अपरिचित नव्हती. १९६४ मध्ये त्यांनी नकार दिला.

पुढे १९६७ मध्ये खाण विकत घेण्याचा करार झाला, आणि ३१ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे ट्रुकहून परतल्याच्याच तिथीस, नौरू स्वतंत्र झाले. डीरोबर्ट पहिले अध्यक्ष झाले, व मधले काही खंड वगळता १९८९ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७० मध्ये खाण लोकांच्या मालकीची झाली. औषधपाणी व शिक्षण विनामूल्य मिळू लागले.

तथापि एक गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. धनी बदलला, पण खणणे थांबले नाही. पुढच्या पिढ्यांसाठी राखलेल्या निधीचा कारभार नीट झाला नाही, व डीरोबर्टांच्या पश्चात त्यातील बहुतेक पैसा नाहीसा झाला. जुन्या नुकसानीबद्दल नौरूने १९८९ मध्ये हेग येथील न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला. २६ जून १९९२ रोजी न्यायालयाने दावा ऐकण्याचे ठरविले; त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १५ जुलै रोजी, डीरोबर्ट मेलबर्न येथे मरण पावले. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले; पण बेटाचा मध्यभाग आजही बहुतांशी ओसाड आहे.

वाचकहो, एका शिक्षकाने सरकारांपुढे हिशेब मांडून आपल्या लोकांचा हक्क मिळविला, हे त्याचे मोठेपण होय. परंतु हक्क मिळाला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. ज्यांच्यापाशी थोडीबहुत जमीन आहे, त्यांनी तिच्या विक्रीचा भाव जसा विचारावा, तसेच मुलांच्या हाती पुढे काय उरेल हेही विचारावे.