विश्लेषण : सौरज्वाला सर्वप्रथम टिपणारे रिचर्ड कॅरिंग्टन कोण होते?

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की आज उपग्रह, विमानसेवा आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना इशारे दिले जातात. सूर्यावरील घटनेचा पृथ्वीवर असा परिणाम होऊ शकतो, याचा पहिला ठोस धागा १८५९ मध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलनिरीक्षकाच्या हाती लागला.

सुरुवात कशी झाली?

कॅरिंग्टन यांचा जन्म १८२६ मध्ये लंडनमधील चेल्सी येथे झाला. वडिलांचा बीअर गाळण्याचा कारखाना होता. केंब्रिजमध्ये शिकताना त्यांना खगोलशास्त्राची ओढ लागली. डरहॅम विद्यापीठाच्या वेधशाळेत काही काळ नोकरी केल्यावर त्यांनी सरे परगण्यातील रेडहिल येथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली. रात्री ताऱ्यांची मोजणी, दिवसा सूर्यडागांच्या नोंदी असा क्रम सुरू झाला. त्यांच्या ३,७३५ ताऱ्यांच्या सूचीला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

सूर्यडागांतून काय कळले?

सूर्य घन गोळ्यासारखा एकसंध फिरत नाही. विषुववृत्ताजवळचा भाग ध्रुवांकडील भागापेक्षा लवकर फेरी पूर्ण करतो, हे त्यांनी मोजमापांनी दाखवले. सूर्याच्या फेऱ्या मोजण्यासाठी आजही त्यांच्याच नावाची गणना वापरतात.

१ सप्टेंबर १८५९ रोजी काय दिसले?

त्या दिवशी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी ते दुर्बिणीतून पडद्यावर पडलेल्या सूर्यबिंबावरील डाग रेखाटत होते. अचानक एका मोठ्या डागसमूहावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन झगझगीत ठिपके उमटले. साक्षीदार हवा म्हणून ते धावत गेले. मिनिटभरात परतले, तोवर तेज ओसरू लागले होते. पाचएक मिनिटांत सारे संपले. सुदैवाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही स्वतंत्रपणे तेच पाहिले होते.

त्याच क्षणी लंडनजवळील क्यू वेधशाळेच्या चुंबकमापकांवर छोटा धक्का नोंदवला गेला. सुमारे साडेसतरा तासांनी प्रचंड चुंबकीय वादळ आले. तारयंत्रणा कोलमडली, ध्रुवीय प्रकाश क्यूबा आणि हवाईपर्यंत दिसला.

त्यांनी ठाम दावा का केला नाही?

कॅरिंग्टन यांनी दोन्ही घटना शेजारी मांडल्या. पण एकाच योगायोगावरून कार्यकारणभाव जोडणे त्यांना मान्य नव्हते. तो जोडण्याइतके ज्ञानही तेव्हा नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे, की उद्रेकाचा प्रकाश सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. अतिवेगवान भारित कण कधी कधी अर्ध्या तासाच्या आत येतात. अंतराळवीर आणि उपग्रहांना धोका त्यांचा. चुंबकीय प्लाझ्माचा ढग मात्र सहसा १ ते ३ दिवस घेतो. त्यामुळे उद्रेक पाहणे आणि कण मोजणे, दोन्ही आवश्यक ठरते.

मुंबईचा संबंध काय?

हे वादळ किती मोठे होते, याचा महत्त्वाचा पुरावा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत होता. तेथील कर्मचारी उपकरणे डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहीत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट त्या नोंदींत आहे. त्यांचे विश्लेषण भारतीय शास्त्रज्ञांचा समावेश असलेल्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

अखेर आणि वारसा

१८५८ मध्ये वडील वारले आणि कारखान्याचा भार कॅरिंग्टन यांच्यावर पडला. १८६१ मध्ये सूर्यडागांच्या नोंदी थांबल्या. नोव्हेंबर १८७५ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि त्याच महिन्यात, वयाच्या ४९ व्या वर्षी, तेही गेले.

आज पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून भारताचे 'आदित्य-एल१' यान सूर्याचे निरीक्षण करते आणि तिथे येणारे कणही मोजते. पुण्याच्या 'आयुका'ने विकसित केलेली त्यावरील अतिनील दुर्बीण सूर्यबिंबाच्या प्रतिमा घेते. कॅरिंग्टन यांना एका योगायोगावर थांबावे लागले होते. आता प्रत्येक उद्रेकाबरोबर नवा पुरावा जमा होतो.