हसूरचंपूचे डॉ. घाटगे आणि विमानांची परीक्षा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीच्या पूरग्रस्तांसाठी आकाशातून मदत आली, तेव्हा हेलिकॉप्टरच्या आवाजानेच अनेकांना धीर आला. असे यंत्र माणसांच्या डोक्यावर येण्यापूर्वी त्याची कसून परीक्षा झालेली असते. भारतात आराखडा केलेल्या विमानाची अशी परीक्षा भारतातच घेण्याचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. विष्णू माधव घाटगे याच जिल्ह्यातले. गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू येथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला.

उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले आणि १९३६ मध्ये तेथून डॉक्टरेट मिळवली. त्यांचे गुरू होते लुडविग प्रांटल. वाहत्या हवेतील घर्षणाचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात होतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवले होते. हा थर पंखाला धरून वाहतो तोवर विमानाला उचल मिळते. तो सुटला की उचल घटते. आपल्या शरीरातही याचे उदाहरण आहे. धमनीच्या भिंतीलगतचे रक्त मंद वाहते; धमनीला फाटे फुटतात तिथे प्रवाह विस्कळीत होतो आणि चरबीचे थर बहुधा अशाच जागी साचतात.

घाटगे परतले तेव्हा देशात विमाने उडत होती, पण ती सगळी परदेशी आराखड्याची. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली आणि घाटगे तिथे सुरुवातीच्या काळातच दाखल झाले. महायुद्धामुळे कारखान्यात विमान दुरुस्तीच्या कामाची गर्दी झाली. दुरुस्ती करणारे हात तयार होत होते, आराखडा करणारे मात्र नव्हते. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग उघडला, त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उभे केले. भारतात आराखडा होऊन भारतातच बांधलेले हे पहिले विमान. वायुदलाचे शिकाऊ वैमानिक तोवर टायगर मॉथ या दुहेरी पंखांच्या, कापड मढवलेल्या विमानावर शिकत. एचटी-२ संपूर्ण धातूचे होते. शिकणारा आणि शिकवणारा एकामागे एक बसत. ऑगस्ट १९५१ मध्ये जमशेद मुन्शी यांनी त्याचे पहिले उड्डाण केले.

प्रशिक्षण विमान करणे सोपे वाटते, पण जबाबदारी तिथेच मोठी. नवशिका चुकणारच. त्याने नाक जास्त वर उचलले, की पंखावरचा हवेचा थर सुटतो, उचल जाते आणि विमान गिरक्या घेत खाली येऊ लागते. अशा वेळी विमान सावरता आले पाहिजे. ते सावरते की नाही, हे आधी कुणीतरी मुद्दाम गिरकी घेऊन पाहावे लागते. परवान्यावर बांधलेल्या विमानाची ही परीक्षा मूळ देशात झालेली असते. आराखडा आपला असला, की दोषही आपणच शोधायचा. एचटी-२ ही परीक्षा उतरले. पुढे अशी दीडशेहून अधिक विमाने बनली आणि काही घानालाही गेली.

मग फ्लाइंग क्लबसाठी ‘पुष्पक’, लष्करी टेहळणीसाठी ‘कृषक’ आणि जेट प्रशिक्षणासाठी ‘किरण’ आले. ‘किरण’चे पहिले उड्डाण सप्टेंबर १९६४ मध्ये सुरंजन दास यांनी केले. हेच दास जानेवारी १९७० मध्ये ‘मारुत’ या लढाऊ विमानाच्या अपघातात मरण पावले. आराखड्यातले गणित कागदावर असते. त्याची जोखीम चाचणी वैमानिक अंगावर घेतो.

१९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास बंगळूरच्या कारखान्यात फ्रेंच परवान्यावर ‘अल्युएट’ हेलिकॉप्टर बनू लागले. आपण त्याला ‘चेतक’ म्हणून ओळखतो. हेलिकॉप्टरचे पाते म्हणजे फिरणारा पंखच. यंत्र पुढे जात असताना एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते, तर दुसऱ्या बाजूचे मागे पडते. वेग फार वाढला, की या मागे पडणाऱ्या पात्यावरून हवेचा थर सुटू लागतो. हेलिकॉप्टरच्या वेगाला मर्यादा पडते ती मुख्यतः यामुळे. गॉटिंगेनला शिकलेला धडा इथेही लागू पडतो, फक्त तो दर फेरीला नव्याने सोडवावा लागतो. म्हणूनच स्वतःच्या आराखड्याचे हेलिकॉप्टर करायला देशाला आणखी बरीच वर्षे लागली.

६ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. घाटगे यांचे निधन झाले. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, २० ऑगस्ट १९९२ रोजी, ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या विकासात एका जर्मन कंपनीचे सहकार्य होते, पण ते घडले बंगळूरच्या त्याच कारखान्यात, जिथे चार दशकांपूर्वी एचटी-२ तयार झाले होते. सियाचीनसारख्या उंचीवरून आजारी जवानांना खाली आणण्याचे काम आज ‘ध्रुव’ करते. घाटगे यांनी ते उडताना पाहिले नाही. आपण केलेले यंत्र आपणच तपासायचे, ही सवय मात्र हसूरचंपूच्या या माणसाने त्या कारखान्याला कधीच लावून ठेवली होती.