ब्रायन बोरू : शत्रूंचा सोयरा

गुड फ्रायडेला मारला गेलेला राजा, एवढीच ब्रायन बोरूची ओळख मला आधी होती. दुसऱ्या वर्षाला थोडं आयरिश साहित्य वाचायला मिळालं, तेव्हा त्याचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. गोष्ट मला फारच आवडली. एका बाजूला ख्रिस्ती राजा, दुसऱ्या बाजूला बिगरख्रिस्ती व्हायकिंग, तंबूत गुडघे टेकून प्रार्थना करणारा म्हातारा आणि त्याच्यावर पडलेला कुऱ्हाडीचा घाव. चर्चच्या युवक मंडळात मी त्याच्यावर पाच मिनिटं बोललेसुद्धा आणि त्याला हुतात्मा म्हणून मोकळी झाले. पुढे नीट वाचलं, तेव्हा वाटलं की आपण घाई केली. हा लेख म्हणजे त्या पाच मिनिटांची दुरुस्ती समजा.

दहाव्या शतकातलं आयर्लंड हे एक राज्य नव्हतं. लहानमोठे कितीतरी राजे होते. जो राजा इतरांकडून खंडणी आणि ओलीस मिळवू शकेल, तो मोठा. सगळ्यांत वरचा मान होता हाय किंगचा, म्हणजे राजांच्या राजाचा, आणि तो काही शतकं उत्तरेकडच्या उई नील घराण्याकडे फिरत होता. व्हायकिंग तर तोवर पक्के रहिवासी झाले होते. डब्लिन, लिमरिक, वॉटरफर्ड ही त्यांची बंदरं. आयरिश राजे त्यांच्याशी लढत, त्यांच्याबरोबर मिळून दुसऱ्या आयरिश राजाशी लढत, आणि लेकीसुनाही करत.

ब्रायनचा जन्म ९४० च्या आसपासचा. त्याचं कुळ डाल गाश, दक्षिणेकडच्या मुन्स्टर प्रांतात शॅनन नदीच्या काठी राहणारं. घराणं तसं छोटंच. मुन्स्टरची गादी होती कॅशेलच्या खडकावर आणि ती जुन्या ओनाख्त घराण्याची. ब्रायनच्या थोरल्या भावाने, माहोनने, ती गादी मिळवली आणि लिमरिकच्या व्हायकिंगांनाही हरवलं. पण ९७६ मध्ये त्याच्या शत्रूंनी त्याला पकडून मारलं. सूत्रं ब्रायनच्या हाती आली.

माझा हुतात्मा इथेच पहिल्यांदा डळमळला. ९७७ मध्ये लिमरिकचा व्हायकिंग राजा आयव्हर आपल्या मुलांसह शॅननच्या मुखावरच्या स्कॅटरी बेटावर होता. त्या बेटावर संत सेनान यांचा मठ होता आणि मठाच्या आसऱ्याला आलेल्याला हात लावायचा नाही, हा त्या काळचा धर्म. ब्रायनने तिथे जाऊन त्यांना मारलं. पुढच्याच वर्षी त्याने भावाच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या ओनाख्त राजालाही रणात मारलं. सूड पूर्ण झाला, पण ब्रायन तिथे थांबला नाही. आपण ज्याला मारलं, त्याच्याच मुलाला त्याने नंतर आपली मुलगी दिली. हा त्याचा खरा हातखंडा. आधी हरवायचं, मग सोयरीक जोडायची.

त्याचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे मीथचा राजा मॅलकी, उई नील घराण्याचा. ९८० मध्ये त्याने तारा इथे डब्लिनच्या व्हायकिंगांना जबर मार दिला आणि तो हाय किंग झाला. दोन वर्षांनी त्याने डाल गाशांच्या मुलखात शिरून त्यांचा राज्याभिषेकाचा वृक्ष तोडला. ज्या झाडाखाली आपले पूर्वज राजे झाले, ते झाडच गेलं. हा घाव माणसं मारण्यापेक्षा खोल होता. पुढची पंधरा वर्षं दोघे एकमेकांचे मुलूख लुटत राहिले. ब्रायनने शॅननमधून नावांचे ताफे वर नेले आणि मॅलकीला त्याच्या दारात जाऊन त्रास दिला. अखेर ९९७ मध्ये क्लॉनफर्टला दोघे भेटले आणि वाटणी झाली. उत्तर मॅलकीची, दक्षिण ब्रायनची. मॅलकीकडे असलेले लेन्स्टर आणि डब्लिनचे ओलीस ब्रायनच्या ताब्यात आले.

ही वाटणी लेन्स्टर आणि डब्लिनला रुचली नाही. त्यांनी बंड केलं. ९९९ च्या अखेरीस ग्लेनमामाच्या लढाईत ब्रायनने त्यांना मोडलं आणि डब्लिन लुटलं. तिथला राजा सिट्रिक पळाला, कुठे थारा मिळेना म्हणून परत येऊन शरण आला. ब्रायनने काय करावं? त्याला त्याचं शहर परत दिलं, वर आपली मुलगी दिली, आणि सिट्रिकच्या आईशी, गॉर्मलाशी, स्वतः लग्न केलं! म्हणजे सिट्रिक त्याचा जावईही झाला आणि सावत्र मुलगाही. गॉर्मला ही लेन्स्टरच्या राजघराण्यातली. तिच्या भावाला, मेल मोर्दाला, ब्रायनने पुढे लेन्स्टरच्या गादीवर बसवलं. मी वहीत हे नातं काढायला बसले तेव्हा कागद पुरेना.

१००२ मध्ये मॅलकीने ब्रायनचं वर्चस्व मान्य केलं आणि हाय किंगचा मान उई नील घराण्याबाहेर गेला. १००५ मध्ये ब्रायन आर्माला गेला. हे संत पॅट्रिकचं पीठ, आयर्लंडमधलं पहिल्या मानाचं. त्याने तिथल्या वेदीवर वीस औंस सोनं ठेवलं आणि आर्माचं श्रेष्ठत्व मान्य केलं. त्याच्या लेखनिकाने तिथल्या पवित्र ग्रंथात लॅटिनमध्ये नोंद केली आणि तीत ब्रायनला आयरिश लोकांचा सम्राट म्हटलं. तो ग्रंथ आजही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. ही भक्ती की राजकारण? मला वाटतं, त्याला स्वतःला असा फरक करावासा वाटलाच नसेल. उत्तरेकडचे राजे पुरते नमवायला मात्र त्याला १०११ उजाडलं.

आणि मग सगळं घरातूनच फुटलं. तोवर गॉर्मला ब्रायनपासून वेगळी झाली होती. मेल मोर्दाने बंड केलं, सिट्रिक त्याला मिळाला. १०१३ मध्ये ब्रायनने डब्लिनला वेढा घातला, पण नाताळच्या सुमारास रसद संपली आणि त्याला परतावं लागलं. तेवढ्या अवधीत सिट्रिकने ऑर्कनी बेटांचा सिगुर्ड आणि मॅन बेटाकडचा ब्रोदिर यांना मदतीला बोलावलं. २३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे. डब्लिनजवळ क्लॉनटार्फला दिवसभर लढाई झाली. दोन्ही बाजूंना आयरिश होते, दोन्ही बाजूंना व्हायकिंग होते. मेल मोर्दा पडला, सिगुर्ड पडला. ब्रायनचा थोरला मुलगा पडला आणि नातूही गेला. सत्तरीपुढचा ब्रायन स्वतः लढत नव्हता. पळता पळता ब्रोदिरने त्याला तंबूत गाठून मारलं, असं परंपरा सांगते. ब्रायनची बाजू जिंकली, पण राज्य सांभाळायला जे हवे होते तेच उरले नाहीत.

सिट्रिक? तो त्या दिवशी शहराच्या तटाच्या आत राहिला आणि वाचला. तो ख्रिस्तीच होता. त्याचे वडील म्हातारपणी आयोनाच्या मठात जाऊन वारले होते. सिट्रिक स्वतः १०२८ मध्ये रोमच्या यात्रेला गेला आणि डब्लिनचं क्राइस्ट चर्च कॅथीड्रल त्याच्याच काळात उभं राहिलं. म्हणजे माझ्या भाषणातले बिगरख्रिस्ती डब्लिनकर हे असे होते!

मॅलकी पुन्हा हाय किंग झाला आणि १०२२ मध्ये मरेपर्यंत राहिला. ब्रायनच्या उरलेल्या मुलांत भाऊबंदकी पेटली. १०२३ मध्ये गॉर्मलाचा मुलगा डोनाखा याने सावत्र भाऊ टाइग याला मारवलं. चाळीस वर्षांनी टाइगच्या मुलाने डोनाखाला हाकललं आणि तो रोमला जाऊन तिथेच वारला. ब्रायनने एक गोष्ट दाखवून दिली होती, की ताकद असली तर कोणत्याही घराण्याचा माणूस सर्वांच्या वर बसू शकतो. हा धडा सगळ्यांनीच घेतला. पुढे दीडशे वर्षं प्रत्येक प्रांताचा राजा तेच करू पाहत होता.

मग तो प्रार्थना करणारा राजा आला कुठून? बाराव्या शतकाच्या सुरुवातीला टाइगचा नातू, म्हणजे ब्रायनचा पणतू, सत्तेवर होता. त्याच्या काळात घराण्याच्या गौरवासाठी एक मोठा ग्रंथ लिहिला गेला आणि त्यात आयरिश विरुद्ध परके असं सरळ युद्ध मांडलं गेलं. आपण बहुतेक तीच गोष्ट ऐकतो. ब्रायनची म्हणून ट्रिनिटी कॉलेजात दाखवतात ती वीणासुद्धा त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी शतकांनी बनलेली आहे.

हे सगळं वाचून ब्रायन मला नावडता झाला का? नाही. मोठं घराणं पाठीशी नसताना त्याने शत्रूंना नात्यात बांधून राज्य उभं केलं, आणि तीच नाती त्याला क्लॉनटार्फपर्यंत घेऊन गेली. हुतात्म्यापुढे मी फक्त मान झुकवली असती. या माणसाविषयी मला विचार करावा लागला. यंदा गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा तो आठवला. त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हटली, आणि स्कॅटरी बेटावरच्या आयव्हरसाठीही.