सोलापूरहून येनानला

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे इथे वाचलेले काही घरी सांगायला बसलो, की वडील त्याची परीक्षा घेतात, आणि ती विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा अवघड असते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची हकिकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि एवढेच विचारले, की पोराला डॉक्टर करून त्याच्या मायबापाला काय मिळाले? मला उत्तर देता आले नाही. राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभावावर निबंध लिहिणे सोपे असते. पण त्या बंधुभावाची किंमत कोणाच्या तरी घरातून वसूल होते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. ते विशीत होते तेव्हा, १९३० साली, त्यांच्या गावात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिले. परकी सत्ता म्हणजे काय, हे अशा गावच्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नसेल. पुढे त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. आता घराला हातभार लागायचा, असे ते दिवस.

इकडे जुलै १९३७ पासून जपानने चीनवर उघड आक्रमण केले होते. चिनी सैन्याजवळ डॉक्टर फार थोडे आणि औषधे त्याहून थोडी. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी १९३८ च्या जूनअखेर लोकांना आवाहन केले आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. त्यातून औषधे व रुग्णवाहिकेची सोय झाली. पाच डॉक्टर निवडले गेले : प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे आपले कोटणीस. सर्वांत वडीलधारे होते ते चोळकर. म्हणजे हे काही केवळ तरुण रक्ताचे साहस नव्हते.

वाचक मित्रहो, ही मदत कोण करीत होते, ते पाहण्यासारखे आहे. आपला देश तेव्हा स्वतःच गुलामीत होता. जालना तर निजामाच्या राज्यात होते. त्याच १९३८ सालाच्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हणण्यासाठी लढावे लागत होते. कित्येकांची नावे विद्यापीठातून काढून टाकली गेली. ज्यांना घरच्या घरात गाणे म्हणायची चोरी, त्यांनी वर्गणी काढून दुसऱ्याच्या युद्धात डॉक्टर धाडावेत, याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. भरल्या कणगीतून कोणीही पायलीभर काढून देतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी बोट मुंबईहून निघाली आणि महिन्याच्या मध्यावर कँटनला लागली. पुढे चुंगकिंग येथे मुक्काम असताना कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. सहकाऱ्यांनी घरी परत जाण्याचे सुचवले. ते गेले नाहीत. चरित्रांतून हा प्रसंग दोन ओळींत संपतो. मी मात्र तिथेच थांबून राहिलो. घरी आई, भावंडे, डोक्यावर कर्ते माणूस नाही, आणि शिकलेला मुलगा हजारो मैलांवर. ते चुकले असे म्हणायची माझी छाती नाही, आणि त्यांनी केले ते सहज होते असे म्हणणे हाही त्यांचा अपमानच होईल.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. तिथे डोंगराच्या मातीत खोदलेल्या गुहांतून माणसे राहत आणि दवाखानेही तसेच चालत. कोटणीस चिनी बोलायला शिकले, मग लिहायला शिकले. पथकातल्या प्रत्येकाच्या चिनी नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन, हा शब्द जोडला होता. बाकीचे एकेक करून परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस उत्तर चीनमध्ये आघाडीच्या मागेच डोंगरांतून रुग्णालय घेऊन फिरू लागले. १९४० च्या एका मोठ्या लढाईत सलग ७२ तास ते झोपेशिवाय शस्त्रक्रिया करीत होते.

त्या मुलखात त्यांच्याआधी नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे डॉक्टर होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. बेथून यापूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले, आपले डॉ. अटलही तिथलेच अनुभवी. बेथूनच्या नावाने काढलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. कॅनडाच्या माणसाची जागा सोलापूरच्या माणसाने चीनमध्ये घेतली, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

तिथे शिकवणाऱ्या परिचारिका को चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ही गोष्ट काही लोक सांगताना गाळतात. ज्याला पटेल त्याला पटो, न पटेल त्याला न पटो. पण माणूस सांगायचा तर पुरता सांगावा.

त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. काम थांबले नाही. विद्यार्थ्यांसाठी ते चिनी भाषेत शल्यचिकित्सेचे पुस्तक लिहीत होते. ते अर्धेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात ते वारले. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतःच केली, म्हणून जुन्या पिढीला हे नाव ठाऊक आहे.

पुढे १९६२ उजाडले. भारत-चीन युद्ध झाले तेव्हा यिनहुआ वीस वर्षांचा होता. त्याच्या नावातले दोन्ही शब्द एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. त्या पोराला त्या दिवसांत काय वाटले असेल? तोही वैद्यकाचाच विद्यार्थी होता, आणि १९६७ साली पदवी हाती येण्याआधीच वारला. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले. कोटणीसांचे नाव पुढे करून हा झगडा झाकता येणार नाही, आणि झाकूही नये. पण शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे, त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. सरहद्दीवर काहीही चाललेले असो, तिथल्या लोकांनी ती मोडून टाकलेली नाही.

हे सगळे मी वडिलांना दुसऱ्यांदा सांगितले. ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी त्या चिनी सुनेचे विचारले. मी म्हणालो, की ती पुढे भारतात आली, एकदा नव्हे अनेकदा, आणि सासरच्या माणसांना भेटून गेली; २०१२ साली वारली. आपली बोली नाही, आपले खाणे नाही, नवरा जाऊन इतकी वर्षे झालेली, तरी ती एवढ्या लांबून आली, याचे वडिलांना फार वाटले. त्यांनी सोयरीक हा एकच शब्द उच्चारला. तेवढ्यात लाईट आली, आणि बॅटरी घेऊन ते मोसंबीला पाणी द्यायला निघून गेले.