संत तेरेजाचे आजारी वडील

बाळ येशूच्या संत तेरेजाचे गुलाबफुलांसह असलेले चित्र आपल्यातील पुष्कळ घरांत आहे. तिच्या वडिलांची अखेरची सात वर्षे मात्र आपण सहसा आठवत नाही.

लुई मार्टिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. व्यवसाय घड्याळजीचा. १८५८ साली झेली यांच्याशी विवाह झाला. नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या. १८७७ साली झेली कर्करोगाने वारल्या आणि लुई मुलींना घेऊन लिझ्यू गावी मेहुण्याच्या शेजारी राहायला आले.

मे १८८७ मध्ये त्यांना अर्धांगाचा पहिला झटका आला. पुढे विसर पडू लागला, भास होऊ लागले. जून १८८८ मध्ये ते कोणालाही न सांगता घरातून निघून गेले आणि चार दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. ज्यांनी आपल्या वडिलांसाठी बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन पालथे घातले आहे, त्यांना ते चार दिवस समजावून सांगायला नकोत. आज अशा आजाराला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्या काळी लोकांनी सरळ वेड म्हटले. तेरेजा नुकतीच, वयाच्या पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात गेली होती. मुली मठात गेल्यामुळेच बापाचे डोके फिरले, अशी कुजबुज गावात सुरू झाली.

१२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना कां शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. सेलीन आणि लिओनी या मुली काही महिने जवळच राहिल्या. भेट आठवड्यातून एकदाच मिळे, तरी त्या रोज दाराशी जाऊन विचारपूस करत. आम्हांला या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच जूनमध्ये मालमत्तेचा कारभार सोडण्याच्या कागदावर लुईंची सही घेतली गेली. मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही, या दुःखाने ते रडले. आजारी माणसाला काही कळत नाही असे समजून त्याच्यासमोर वाटेल ते बोलणारे आपण, त्या दिवशी तिथे असतो तर?

१० मे १८९२ रोजी ते घरी परतले, पण पाय गेलेले होते. सेलीनलाही मठात जायचे होते. ती थांबली. २९ जुलै १८९४ रोजी लुई वारले आणि सप्टेंबरमध्ये ती कार्मेलमध्ये दाखल झाली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या दांपत्याला संतपद बहाल केले.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. सासूला एकटे सोडता येत नाही म्हणून सून मिस्सेला येत नाही, आणि आपण म्हणतो की तिची श्रद्धा कमी झाली. अशा घरी रविवारी दोन तास बसणे, घाटी दवाखान्यात रांगेत सोबत करणे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून देणे आणि कुजबुज कानावर आली तर कुटुंबाची बाजू तिथल्या तिथे मांडणे, एवढे काम आहे. त्यासाठी शिक्षणाची अट नाही. मात्र घरातली गोष्ट बाहेर जाता कामा नये. तयारी असलेल्यांनी आज मिस्सेनंतर फादरांकडे नाव द्यावे. ज्यांच्या घरी गरज आहे, त्यांनीही संकोच करू नये.