उरुळीचे मणिभाई

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने सुमारे ३० किलोमीटर गेल्यावर उरुळी कांचन हे गाव लागते. २२ मार्च १९४६ रोजी महात्मा गांधी या गावी आले आणि ३० मार्चपर्यंत तेथे राहिले. पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राचा लाभ गोरगरिबांना मिळावा, असा त्यांचा मूळ विचार होता. परंतु खेड्यातील गरीब मनुष्य उपचारासाठी शहरात येऊन राहू शकणार नाही, हे ध्यानी येताच त्यांनी उपचारालाच खेड्यात नेण्याचे ठरविले. गांधीजी पुढे निघून गेले. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांत सव्वीस वर्षांचाही नसलेला एक गुजराती तरुण होता. याच गावी देह ठेवीपर्यंत सेवा करण्याचा संकल्प त्याने केला आणि पुढील ४७ वर्षे उरुळी हेच त्याचे घर झाले. हा तरुण म्हणजे मणिभाई भीमभाई देसाई.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी एका सधन शेतकरी कुटुंबात झाला. गावात या घराण्याला मान होता. १९३० साली दांडीयात्रा त्यांच्याच जिल्ह्यातून गेली, तेव्हा ते जवळजवळ दहा वर्षांचे होते. पुढे त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. अशा तरुणास नोकरी अथवा वडिलोपार्जित शेती या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. १९४२ च्या चळवळीने त्या दोन्ही बंद केल्या, किंवा असे म्हणावे की त्यांनी स्वतःच त्यांकडे पाठ फिरविली. सेवाग्रामला जाऊन ते गांधीजींच्या कार्यात सामील झाले. विवाह त्यांनी केला नाही.

उरुळीच्या आश्रमाचे काम पुढे दीर्घकाळ विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांच्या मार्गदर्शनाखाली चालले. व्यवस्था, शेती आणि गोठा मात्र मणिभाईंच्या अंगावर होता. निसर्गोपचारात आहाराला औषधाचे स्थान. म्हणून चांगले दूध हवे, आणि दुधासाठी गाय हवी. एवढ्या साध्या गरजेतून त्यांचे गोपालन सुरू झाले. गुरे राखणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय नव्हता. तरीही सौराष्ट्रातील गीर गाय त्यांनी निवडली आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या काटेकोरपणाने तिचा अभ्यास आरंभिला. उत्तम वळू, पुरेसा चारा, स्वच्छ गोठा आणि निवडक कालवडींचे संगोपन यांच्या बळावर आश्रमाचा गीर कळप नावारूपाला आला. याच गीर जातीची गुरे सागर ओलांडून ब्राझीलमध्ये गेली व तेथील दुग्धव्यवसायाचा आधार ठरली, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

कळप उत्तम झाला, पण शेजारच्या शेतकऱ्याच्या दारातली गाय होती तशीच राहिली. दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणारी आणि वर्षातील बराच काळ भाकड राहणारी ती गावठी गाय मालकाला पोसण्याऐवजी मालकावरच भार होत असे. निवड पद्धतीने तिचे वंशज सुधारावयाचे तर कित्येक पिढ्या जाव्या लागतात. शेतकऱ्याला एवढी सवड नव्हती. येथे मणिभाईंनी जो निर्णय घेतला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड म्हटला पाहिजे. ज्या गीर वंशावर त्यांनी वीस वर्षे जीव लावला होता, त्याच्या पलीकडे जाऊन गावठी गाईंचा जर्सी व होल्स्टिन या विदेशी जातींशी संकर करण्याचे त्यांनी ठरविले. स्वदेशी व गोभक्ती यांच्या वातावरणात वाढलेल्या कार्यकर्त्याने हे करावे, याचा अनेकांना विषाद वाटणे स्वाभाविक होते.

या कार्यासाठी २४ ऑगस्ट १९६७ रोजी भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आज ‘बाएफ’ या नावाने ओळखली जाणारी संस्था, स्थापन झाली. तिचे खरे वैशिष्ट्य विदेशी वळूंत नव्हते. ते सेवेच्या पद्धतीत होते. गाईचा माज जेमतेम दिवसभर टिकतो. तो हुकला की पुन्हा तीन आठवडे थांबावे लागते. अशा वेळी हातातले काम टाकून गाय कोसभर दूरच्या दवाखान्यात चालवीत नेणे लहान शेतकऱ्याला जमत नाही. नेली तरी बहुधा वेळ टळून गेलेली असते. मणिभाईंनी हा क्रम उलटा केला. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नत्रात गोठविलेले रेत घेऊन प्रशिक्षित कार्यकर्ता वाहनावरून थेट गोठ्यात जाऊ लागला. खेड्यातील गरीब रुग्णाकडे उपचार नेण्याचा जो विचार गांधीजींना उरुळीत घेऊन आला होता, तोच येथे गुरांच्या बाबतीत लागू झाला. रेतनानंतर नऊ महिन्यांनी वासरू, आणि कालवड झालीच तर तिचे पहिले वेत आणखी अडीच-तीन वर्षांनी. इतका काळ शेतकऱ्याचा विश्वास टिकवून धरणे हे प्रयोगशाळेतील कामापेक्षा अवघड होते.

संकरित गाईला चारा-पाणी अधिक लागते, उन्हाचा त्रास होतो, आणि वशिंड नसलेल्या खोंडाच्या मानेवर जू नीट बसत नाही, या तक्रारी खोट्या नव्हत्या. आज देशी वंशाकडे पुन्हा ओढा वाढला आहे, त्यामागे यांतील काही कारणे आहेत. तरीपण दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या कुटुंबात दुधाचा पैसा रोजच्या रोज येऊ लागला आणि घरच्या बाईच्या हाती पडू लागला, हे नाकारता येणार नाही. जिरायती भागात वैरणीसाठी सुबाभळीची लागवड करण्याचा आग्रहही त्यांनी त्याच हिशेबाने धरला.

गावाच्या शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. उरुळीचे महात्मा गांधी विद्यालय त्यांच्याच प्रयत्नांतून उभे राहिले. १९६८ साली त्यांना पद्मश्री आणि १९८२ साली लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच १९८२ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी नवे काम काढले. गाय पोसण्याइतकेही ज्यांच्याजवळ नव्हते अशांच्या उताराच्या हलक्या जमिनीत आंब्याची कलमे, भोवती झाडांचे कुंपण आणि मधल्या मोकळ्या जागेत धान्य-भाजीपाला, अशी ही वाडीची योजना होती. आंबा फळाला येईपर्यंत मधल्या पिकावर घर चालावे, अशी तिची आखणी होती. रोजगारासाठी गाव सोडून जाणारी माणसे त्यामुळे आपल्या जमिनीवर राहू लागली. पुढे ही पद्धत इतर राज्यांतही स्वीकारली गेली.

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाईंचे निधन झाले.