नाथसागराचे शिल्पकार

गोदावरी ही दक्षिणेची गंगा. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावून ती पूर्वेकडे धाव घेते आणि मराठवाड्याच्या भूमीत शिरते. तिच्या तीरावर तीर्थक्षेत्रे वसली, संतांच्या वाणीने तिचे घाट पावन झाले. परंतु काठापासून चार कोस दूर गेले, की त्याच भूमीत पाण्याचा थेंब मिळणे दुर्मीळ होई. बीड जिल्ह्याची स्थिती तर विशेष बिकट होती. उत्तरेच्या सीमेवरून भरली गोदावरी वाहत जाई आणि दक्षिणेस बालाघाटाचे माळ उन्हात करपत राहत. पावसाने पाठ फिरविली, की शेकडो कुटुंबांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन परमुलखात मजुरीसाठी जावे लागे. नदी दाराशी आणि घसा कोरडा, असे हे विलक्षण कोडे होते. ते सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्यांत शंकरराव चव्हाण यांचे नाव अग्रभागी आहे.

शंकररावांचा जन्म 14 जुलै 1920 रोजी पैठण येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव भाऊराव. त्या काळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोदावरीच्या वाळवंटात खेळतच शंकररावांचे बालपण गेले. पुढे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु स्वातंत्र्याची हाक कानी येताच त्यांचे मन तिकडे ओढले गेले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम सुरू झाला, तेव्हा तेही त्यात सामील झाले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर नांदेड हीच त्यांची कर्मभूमी ठरली. त्या नगरीच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1956 साली ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे उपमंत्री झाले.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले आणि पाटबंधारे व वीज ही दोन खाती शंकररावांकडे आली. पाणी आणि वीज या दोन सख्ख्या बहिणीच होत. उंचावर साठविलेले पाणी मोठमोठ्या नळांतून वेगाने खाली सोडले, की त्याच्या माऱ्याने चक्र फिरते. त्या चक्राला जोडलेले जनित्र फिरू लागते आणि वीज निर्माण होते. कोयना प्रकल्प हे याचे उत्तम उदाहरण. कोयना नदी जन्मतः पूर्ववाहिनी आहे. अभियंत्यांनी तिला धरणाने अडविले, तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळविले आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, डोंगराच्या गाभ्यात कोरलेल्या पोफळीच्या वीजगृहात आणून सोडले. 1962 साली तेथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. आज कोयनेची सर्व वीजगृहे मिळून त्यांची क्षमता सुमारे 1960 मेगावॉट आहे. पूर्वी राज्याचे विद्युत मंडळ त्यांचा कारभार पाही; 2005 सालापासून तो महानिर्मिती या राज्य सरकारच्या कंपनीकडे आहे.

या वैभवाची एकदा कठोर परीक्षाही झाली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या परिसरात भीषण भूकंप झाला. घरे कोसळली, अनेक माणसे प्राणास मुकली. धरणास तडे गेले. परंतु धरण उभे राहिले. पुढे त्याची भिंत अधिक भक्कम करण्यात आली. सृष्टीच्या शक्तीवर माणसाने स्वामित्व मिळविले असे वाटत असतानाच, तिच्यापुढे नम्रही असावे लागते, हा धडा त्या घटनेने सर्वांना शिकविला.

कोयनेने राज्याला प्रकाश दिला. पण मराठवाड्याची तहान तशीच होती. गोदावरीवर बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ धरण बांधावे, अशी एक योजना निजामाच्या काळातच पुढे आली होती. राज्यपुनर्रचनेनंतर अभियंत्यांनी नदीची पुन्हा पाहणी केली. जायकवाडीपेक्षा सुमारे शंभर किलोमीटर वरच्या बाजूस, पैठणजवळ धरण बांधले, तर पाणी अधिक उंचीवर साठेल आणि कालव्यांनी अधिक दूरवर नेता येईल, असे त्यांना दिसून आले. कारण पाणी आपल्या ओढीने उताराकडेच जाते. जेथे कालव्याचा उगम उंच, तेथे त्याखाली भिजणारी जमीनही अधिक.

तथापि पैठणला धरण म्हणजे शंकररावांच्या जन्मभूमीलाच हात घालणे होते. पैठण, गंगापूर, नेवासे आणि शेवगाव या तालुक्यांतील सुपीक जमीन पाण्याखाली जाणार होती. शंभराहून अधिक गावांना आपली घरे, देवळे, विहिरी आणि वाडवडिलांच्या शेतांचे बांध सोडून दुसरीकडे जावे लागणार होते. हे दुःख लहान नव्हते, आणि त्याची भरपाई नुसत्या पैशाने होणारी नव्हती. एका बाजूस आपल्याच मुलखातील माणसांचे अश्रू आणि दुसऱ्या बाजूस पिढ्यान्पिढ्या तहानलेला प्रदेश, असा हा पेच होता. शंकररावांनी धरणाचा कैवार घेतला व तो अखेरपर्यंत सोडला नाही.

18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. पाकिस्तानशी झालेले युद्ध नुकतेच थांबले होते, देशापुढे अन्नाचा प्रश्न उभा होता. अशा वेळी शेताला पाणी देणारे धरण हेही राष्ट्रसंरक्षणाचेच कार्य होते. पुढे काही वर्षांतच 1972 चा भयंकर दुष्काळ आला. तेव्हा धरणाची निकड सर्वांनाच पटली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्या दिवशी शंकरराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या धरणास 27 दरवाजे आहेत. त्यामागील विस्तीर्ण जलाशयाला संत एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर असे नाव मिळाले. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात शिरतो आणि सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणास पाणी पुरवितो. पैठणच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचे एक वीजगृहही आहे. मैदानी प्रदेशात कोयनेसारखी उंची कोठून मिळणार? म्हणून ही वीज थोडी. परंतु तेथील यंत्राची रचना मोठी चतुर आहे. पाणी खाली सोडताना ते वीज निर्माण करते. आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा, उलट फिरून, खाली अडविलेले पाणी पुन्हा वर चढविण्याची सोयही त्यात केलेली आहे.

बीड जिल्ह्यातील परळी येथे 1971 साली कोळशावरील वीजकेंद्र सुरू झाले. तेथेही वाफेसाठी व यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी लागतेच. 2015 साली पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले, तेव्हा पाणी आणि वीज यांचे नाते किती जवळचे आहे, हे साऱ्यांना उमगले.

शंकरराव शिस्तीचे मोठे भोक्ते होते. कामातील ढिलाई त्यांना मुळीच खपत नसे. म्हणून लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. पुढे ते पुन्हा एकदा मुख्यमंत्री झाले आणि केंद्रात अर्थ व गृह ही महत्त्वाची खातीही त्यांनी सांभाळली. 26 फेब्रुवारी 2004 रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

धरण पैठणला झाले, तरी प्रकल्पाचे नाव जायकवाडी हेच राहिले. बीड जिल्ह्यातील एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने सर्व महाराष्ट्राच्या ओठी आले. नाथसागर दर वर्षी भरतोच असे नाही. काही वर्षी त्याचा तळ उघडा पडतो. धरण पाणी साठवू शकते, निर्माण करू शकत नाही. ज्यांनी आपली गावे सोडली, त्यांच्या त्यागातून हे पाणी आले आहे. ते जपून वापरणे, हेच त्यांचे आणि शंकररावांचे खरे स्मरण होय.